फोन उचलणारा गुन्हेगार, फोन करणारा मोकळा

मार्च २०२५ मध्ये दादरहून पुण्याच्या स्वारगेटकडे निघालेल्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचं चित्रीकरण केलं आणि ते थेट परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्यापर्यंत पोहोचवलं. पुढची कारवाई सरकारी कामात क्वचित दिसणाऱ्या वेगाने झाली. चालकाची नोकरी गेली. तो ज्या खासगी कंत्राटदार कंपनीचा होता, तिला दंड झाला ५ हजार रुपये.

५ हजार रुपये म्हणजे त्याच बसच्या एका फेरीतल्या आठ-दहा तिकिटांचे पैसे. माणसाला रोजीरोटीची शिक्षा आणि कंपनीला चहापाण्याची. त्या चालकाची बाजू मला मुळीच घ्यायची नाही. त्याला कुणी फोन करून सामना बघ म्हणून सांगितलं नव्हतं. चाळीसएक माणसांचा जीव हातात असताना घाटात स्क्रीनकडे बघणारा माणूस चालकाच्या आसनावर बसता कामा नये, हे बरोबरच. पण अशी प्रकरणं क्वचितच घडतात. रोज हजारो चालकांच्या कानाला जो फोन लागलेला असतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी केलेला असतो. त्या दुसऱ्याबद्दल आपण, आपले पोलीस, आपली वृत्तपत्रं आणि रस्ता सुरक्षा सप्ताहाचे फलक एक अक्षर बोलत नाहीत. मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

आमचं गव्हाण पनवेल तालुक्यात, उलव्याला खेटून. एका अंगाला १९८९ पासून चालू असलेलं जेएनपीटी बंदर. दुसऱ्या अंगाला १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू. जवळच नवी मुंबईचा विमानतळ, जिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. हे सगळं कागदावर विकास म्हणून फार छान दिसतं. गव्हाण फाट्यावर उभं राहिलं की ते चाकांच्या रूपात दिसतं. चाळीस फुटी कंटेनरचे ट्रेलर, मातीचे डंपर, सेतूवर ताशी १०० च्या वेगाला सरावून खाली उतरलेल्या मोटारी, विमान पकडायला निघालेल्या टॅक्सी, उलव्याच्या सोसायट्यांत पार्सलं पोहोचवणारी दुचाकीवरची पोरं. आणि या सगळ्यांमधून वाट काढत रस्ता ओलांडणारे गावातले म्हातारे, शाळेची मुलं, मासळीची पाटी घेतलेल्या बायका.

या फाट्यावर अर्धा तास उभं राहून फक्त चालकांचे कान आणि माना बघाव्यात. ट्रेलरवाला एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने एवढं मोठं धूड वळवत असतो. रिक्षावाला मान तिरकी करून खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून धरतो. दुचाकीवरच्या मुलाने हेल्मेटच्या आत गालाशी फोन खुपसलेला असतो आणि त्यालाच तो हँड्सफ्री समजतो. मोटारवाल्याचा फोन मांडीवर असतो, म्हणजे पोलिसाला दिसत नाही आणि त्याला स्वतःला रस्ता दिसत नाही.

थोडं गणित करू, साधंच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारं वाहन एका सेकंदात १६ ते १७ मीटर जातं. संदेश वाचायला पाच सेकंद लागले, असं धरा. तेवढ्या वेळात वाहन ८० मीटरपेक्षा जास्त अंतर कापतं. चाळीस फुटी कंटेनर साधारण १२ मीटर लांब असतो. म्हणजे सात कंटेनर एकापुढे एक लावले तर जेवढी रांग होईल, तेवढा रस्ता चालकाने डोळे मिटून पार केला. वर तो भरलेला ट्रेलर असेल तर ब्रेक दाबल्यावर जागच्या जागी थांबत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "मी हातात धरत नाही, ब्लूटूथवर बोलतो." आपला कायदाही तसंच समजतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्याच्या प्रकारांत हातात धरून वापरायच्या संपर्क साधनाचा उल्लेख आला. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर १० हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांतही स्पष्ट झालं की असं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरावं, आणि तेही लक्ष विचलित न करता. पण सगळा भर हातावर. हात मोकळा असला की कायदाही डोळे मिटतो.

विज्ञान गेली जवळजवळ तीस वर्षं वेगळं सांगतं आहे. १९९७ साली टोरांटोच्या रेडेलमायर आणि तिबशिरानी या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनबिलांचा तपशील तपासला. फोनवर बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, असं त्यांना आढळलं. हात मोकळा ठेवणाऱ्या फोनचा त्यांना काही फायदा दिसला नाही. पुढे अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम मोटारीत माणसं बसवून मोजमाप केलं. फोनवर बोलणारा माणूस समोरची वस्तू डोळ्यांनी बघतो, पण ती त्याच्या मेंदूत नोंदवली जात नाही. २००६ मध्ये त्यांनी बोलणाऱ्या चालकांची तुलना रक्तात ०.०८ टक्के मद्य असलेल्या चालकांशी केली, आणि बोलणारे त्यांच्यापेक्षा काही सरस ठरले नाहीत. आपल्याकडे मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या नशेला आपण तुरुंगाची शिक्षा ठेवली आहे, तिच्या अडीचपटीहून जास्त नशेशी ही तुलना आहे.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणंही तेवढंच वाईट का? नाही, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. शेजारी बसलेल्या माणसाला रस्ता दिसत असतो. पुढे ट्रेलर आडवा आला की तो आपोआप गप्प होतो, कधी "अरे बघ बघ" म्हणून ओरडतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला फाटा दिसत नाही, ट्रेलर दिसत नाही, रस्ता ओलांडणारं पोर दिसत नाही. तो बोलतच राहतो. स्ट्रेयर यांच्याच गटाने २००८ मध्ये हा फरक मोजून दाखवला. म्हणजे धोक्याचा निम्मा भाग पलीकडच्या आंधळ्या माणसात आहे, आणि तो माणूस आपल्या कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत आणि मोबाईलच्या खात्यात जेमतेम दोन टक्के. यावरून काही शहाणे सांगतात की मोबाईलचा बाऊ करू नका. पहिली गोष्ट, दोन टक्के म्हणजेही तीन हजारांहून जास्त माणसं. दुसरी आणि महत्त्वाची गोष्ट, ही नोंद होते कशी? वेगाचा अंदाज गाडीच्या चेंदामेंद्यावरून बांधता येतो. फोनचा पुरावा धडक झाल्याच्या क्षणी सीटखाली जाऊन पडतो. चालक मेला असेल तर तो सांगायला उरत नाही, आणि जिवंत असेल तर सांगत नाही. फोनवर बोलता बोलता ज्याने समोरच्याला उडवलं, त्याच्या नावापुढे अतिवेग लिहिलं की रकाना भरतो आणि कागद पुढे सरकतो. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट लवकर शिकतो. जे नोंदवलंच जात नाही, ते अहवालात शून्य दिसतं, आणि शून्य बघून साहेब खूश होतात.

आता पलीकडच्या माणसाकडे वळू. तो कोण असतो?

बंदराच्या रस्त्यावर तो बहुतेकदा ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसातला माणूस असतो. "किधर पहुँचा?" हा त्याचा प्रश्न दिवसातून वीस वेळा येतो. फॉर्म १३ झाला का, गेटवर रांग किती आहे, पार्किंगमधून निघालास का, रिकामा कंटेनर कुठल्या यार्डात सोडायचा. या प्रत्येक प्रश्नामागे पैसा आहे, कारण जहाजाची वेळ चुकली की भुर्दंड कुणाला तरी बसतोच. फोन न उचलणाऱ्या चालकाला पुढची फेरी उशिरा मिळते, हे त्याला कुणी लेखी सांगत नाही. त्याला ते माहीत असतं. बहुतेक ट्रेलरमध्ये ठावठिकाणा दाखवणारं यंत्र बसवलेलं आहे. गाडी कुठे आहे, चालू आहे की उभी, वेग किती, हे सगळं त्या ऑफिसातल्या पडद्यावर दिसत असतं. गाडी धावते आहे हे डोळ्यांनी बघत हा माणूस चालकाला फोन लावतो आणि विचारतो, कुठे पोहोचलास.

दुसरा माणूस हा माणूसच नाही. ते अ‍ॅप आहे. हा माझ्या धंद्याचा विषय असल्याने जरा सविस्तर सांगतो. टॅक्सी किंवा पार्सल देणाऱ्या मुलाच्या फोनवर नवं काम येतं, तेव्हा पडदा उजळतो, घंटी वाजते आणि वेळ उलटी मोजायला सुरुवात होते. काही सेकंदांत बोट लावलं नाही तर काम दुसऱ्याकडे जातं. कामं सोडण्याचं प्रमाण वाढलं की पुढची कामं कमी मिळण्याची भीती असते. आता ही घंटी वाजवणाऱ्या सर्व्हरला काय माहीत असतं ते बघा. जीपीएसमुळे तो मुलगा कुठल्या रस्त्यावर आहे हे माहीत असतं. कुठल्या दिशेने चालला आहे हे माहीत असतं. त्याचा वेग माहीत असतो, नाहीतर ग्राहकाला नकाशावर सरकणारी ती चिमुकली गाडी दिसलीच नसती. म्हणजे मुलगा ताशी ४५ ने उलव्याकडे जातो आहे हे पक्कं ठाऊक असताना त्याला सांगितलं जातं, आता या क्षणी खाली बघ आणि बोट लाव.

गाडी थांबेपर्यंत घंटी रोखून धरणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे का? मुळीच नाही. वेग अमुकच्या वर असेल तर वाट बघ, ही अट लिहिणं शिकाऊ मुलालाही जमेल. अ‍ॅपलने २०१७ मध्येच आयफोनमध्ये गाडी चालवताना सूचना आपोआप रोखण्याची सोय दिली. अडचण वेगळी आहे. चार कंपन्या एकाच ग्राहकामागे धावत असतात आणि जी थांबेल तिचं काम दुसरी नेईल. त्यामुळे एकटी कंपनी थांबणार नाही. सगळ्यांना एकदम थांबायला लावण्याचं काम सरकारचं असतं, आणि सरकारला सध्या मुलाच्या हातातला फोन दिसतो, सर्व्हर दिसत नाही.

तिसरा माणूस एसी ऑफिसात बसलेला असतो, कधी माझ्या शेजारच्याच टेबलावर. सकाळी नऊच्या बैठकीला अर्धे लोक सायन-पनवेल महामार्गावरून हजर असतात. "मी ड्राइव्ह करतोय, म्यूटवर आहे" असं कुणी म्हणालं की बैठक घेणारा "नो प्रॉब्लेम" म्हणतो आणि पाच मिनिटांनी त्यालाच प्रश्न विचारतो. ट्रेलरचालकाच्या अडाणीपणावर लांबलचक बोलणारी ही सुशिक्षित मंडळी. या वर्गाला पोलीस अडवतही नाहीत, कारण काचा बंद असतात आणि फोन गाडीच्या पडद्यात असतो.

आणि चौथा माणूस आपल्या घरात असतो. "पोहोचलास का? का उचलत नाहीस? चार वेळा लावला." अम्मी काळजीने फोन करते, बायको भाजीसाठी करते, मित्र उगाचच करतो. यांना कुणी गुन्हेगार म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण मशिदीच्या दारावर मोबाईल बंद ठेवण्याची पाटी असते आणि आपण ती पाळतो. जुम्याच्या नमाजला अर्धा तास फोन बंद राहिल्याने कुणाचा संसार बुडाल्याचं ऐकिवात नाही. त्याच मशिदीच्या दारातून बाहेर पडून दुचाकीला किक मारताना मात्र फोन कानाला लागतो, आणि घरचेही नेमका त्याच वेळी लावतात, कारण आता नमाज सुटली असेल हे त्यांना माहीत असतं.

घरच्यांना समजावता येईल. धंदेवाल्यांना समजावून भागत नाही, त्यांना कायदा लागतो. आणि तो कायदा आहे. नवा करायची गरजही नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८८. कलम १८४, १८५ किंवा १८६ खालच्या गुन्ह्याला जो कुणी चिथावणी किंवा मदत देईल, त्याला त्या गुन्ह्याला सांगितलेलीच शिक्षा होईल, एवढाच त्याचा मथितार्थ. २०१९ नंतर हातातल्या फोनचा वापर कलम १८४ मध्ये आला. म्हणजे त्या दिवसापासून, चालकाला धावत्या गाडीत फोन हातात घ्यायला भाग पाडणाऱ्यावर कलम १८८ लावण्याची वाट कायद्याने मोकळी आहे. या कलमात मालक आणि नोकर असं नातं सिद्ध करायची अट नाही. "ती मुलं आमचे कर्मचारी नाहीत, भागीदार आहेत" हा अ‍ॅप कंपन्यांचा आवडता युक्तिवाद इथे कामाला येत नाही, कारण कलम म्हणतं 'जो कुणी'.

कलम १८३ तर याहून बोलकं आहे. ते वेगमर्यादेचं कलम. नोकरीतल्या किंवा आपल्या ताब्यातल्या माणसाला मर्यादेबाहेर गाडी हाकायला लावणाराही त्यात दोषी धरलेला आहे. पुढे असंही म्हटलं आहे की अमुक वेळेत प्रवास पूर्ण करा असा आदेश दिला आणि वेगमर्यादा पाळून ते शक्यच नव्हतं असं न्यायालयाला वाटलं, तर तो आदेश हाच आदेश देणाऱ्याविरुद्ध सकृतदर्शनी पुरावा. दहा मिनिटांत घरपोच अशी जाहिरात जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, १९८८ साली, एसटीची वेळापत्रकं आणि ट्रकमालकांचे हुकूम डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी हे शहाणपण लिहून ठेवलं होतं. मोटार वाहन कायद्यावर चर्चा झाली की दंडाच्या रकमा सगळ्यांना तोंडपाठ असतात. ही दोन कलमं कुणाच्या तोंडी येत नाहीत.

दुसरीकडे काय चालतं? ब्रिटनने डिसेंबर २००३ मध्ये हातातल्या फोनवर बंदी घातली, तेव्हा नियमातच लिहिलं की कुणी दुसऱ्याला असा फोन वापरत गाडी चालवायला लावू नये किंवा तशी मुभाही देऊ नये. मुभा देणंही गुन्हा. अमेरिकेत न्यू जर्सीच्या अपील न्यायालयासमोर २०१३ मध्ये एक खटला आला. संदेशांच्या देवाणघेवाणीत गुंतलेल्या एका तरुण चालकाने मोटारसायकलवरच्या जोडप्याला धडक दिली होती, आणि दोघांनाही एकेक पाय गमवावा लागला होता. न्यायालयाने संदेश पाठवणाऱ्या मुलीला त्या प्रकरणात जबाबदार धरलं नाही, कारण तिला तो गाडी चालवतो आहे आणि लगेच वाचेल हे माहीत होतं असा पुरावा नव्हता. पण तत्त्व स्पष्ट सांगितलं. समोरचा गाडी चालवतो आहे आणि संदेश आला की बघणारच, हे ठाऊक असूनही जो पाठवतो, त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते. आता आपला ट्रान्सपोर्टर आणि आपलं अ‍ॅप या कसोटीवर ठेवून बघा. त्या मुलीला माहीत नव्हतं. यांना मीटरपर्यंत माहीत असतं.

आपल्याकडे याच्या नेमकं उलटं घडतं. भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्यासाठी दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आली, तेव्हा १ जानेवारी २०२४ ला देशभरातले ट्रकचालक रस्त्यावर उतरले. त्याची झळ आमच्या जेएनपीटी रस्त्यालाही बसली. सरकारने ते उपकलम लागू करणं थांबवलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. त्या गदारोळात दगडफेक करणाऱ्यांचं समर्थन होऊ शकत नाही. पण चालकांच्या रागात एक खरी गोष्ट होती. महिन्याच्या पगारावर गाडी हाकणाऱ्याला दहा वर्षं, आणि त्याला झोपू न देणाऱ्या, फोन ठेवू न देणाऱ्या धन्याला काय, याचं उत्तर त्या संहितेने दिलं नव्हतं. कुणी मागितलंही नाही.

आपल्या वस्त्यांसाठी हा दूरचा प्रश्न नाही. पनवेल, तळोजा, मुंब्रा, कुठेही जा. शिक्षण अर्धवट राहिलेल्या किंवा पदवी असूनही नोकरी न मिळालेल्या मुलाच्या हातात पहिलं काम येतं ते दुचाकीचं, रिक्षाचं नाहीतर ट्रेलरच्या क्लीनरचं. अपघात झाला तर मरणारा तो, आणि मारला म्हणून आत जाणाराही तोच. फाट्यावर ज्याचा जीव जातो तो गव्हाणचा आगरी शेतकरी असेल, उलव्यातली नर्स असेल, उत्तर प्रदेशातून आलेला चालक असेल. यात धर्म कुठे येत नाही. गरिबी मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी येते.

यावर काही लोक एक सोपा उपाय सुचवतात. पोलिसांना अधिकार द्या, चालकाचा फोन तिथेच उघडून बघू द्या. याला माझा ठाम विरोध आहे. नाक्यावर उभं करून तरुणाच्या फोनची गॅलरी आणि चॅट चाळणं म्हणजे काय, हे आपल्या मुलांना वेगळं समजावून सांगायला नको. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी तो हक्क मोडायची गरजही नाही. अपघाताच्या वेळी कॉल चालू होता का आणि तो कुठल्या क्रमांकावरून आला होता, एवढंच हवं असतं. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली रीतसर मागणी करून मोबाईल कंपनीकडून त्या काही मिनिटांची नोंद मिळवता येते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे कॉल त्या नोंदीत दिसत नाहीत, हे खरं. पण कामाच्या अ‍ॅपची प्रत्येक घंटी, प्रत्येक बोट, सेकंदासकट कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेली असते. मुलाने पार्सल दोन मिनिटं उशिरा दिलं तर हीच नोंद त्याला दाखवली जाते. तो ट्रेलरखाली गेला तर तीच नोंद पोलिसांनी का मागू नये? मुलाच्या फोनमध्ये शिरण्याची गरज नाही, कंपनीच्या दारात जायची आहे.

आणि गुन्हा नोंदवताना एक ओळ जास्त लिहायची आहे, की फोन कुणाचा होता. ज्या दिवशी एखाद्या ट्रान्सपोर्टरला, एखाद्या अ‍ॅप कंपनीच्या व्यवस्थापकाला कलम १८८ खाली पोलीस ठाण्यातून बोलावणं येईल, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत 'गाडी थांबल्याशिवाय चालकाला फोन करू नये' असं परिपत्रक सगळीकडे निघेल. आमच्या धंद्यातली कुठलीही सुरक्षा सुधारणा मी तरी याहून वेगळ्या कारणाने झालेली पाहिलेली नाही.

गव्हाण फाट्यावर गतिरोधक, सिग्नल, पादचारी पूल यांच्या मागण्या आहेतच आणि त्या चालू राहाव्यात. त्यांना सिडको, बंदर प्राधिकरण आणि महामार्ग प्राधिकरण अशी तीन दारं आहेत आणि प्रत्येक दार दुसऱ्याकडे बोट दाखवतं. या मागणीला एकच दार आहे, नवी मुंबई पोलीस आयुक्तालय. तिथे माहिती अधिकारात अर्ज टाकायला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर यावं लागतं. मी तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत, ज्याला हवे त्याने आपल्या तालुक्याच्या नावाने वापरावेत. गेल्या पाच वर्षांत मोबाईलच्या वापराबद्दल कलम १८४ खाली किती चालकांवर कारवाई झाली? त्याच काळात कलम १८८ खाली किती मालक, ट्रान्सपोर्टर किंवा कंपन्यांवर झाली? प्राणांतिक अपघातांच्या किती तपासांत चालकाला त्या क्षणी आलेल्या फोनची नोंद मागवली गेली? पहिल्या प्रश्नाचा आकडा मोठा येईल. उरलेल्या दोन रकान्यांत काय येतं, ते कळलं की पुढचा अर्ज थेट आयुक्तांच्या नावाने जाईल, आणि त्याखाली फाट्याच्या आसपासच्या प्रत्येक गावातल्या सह्या लागतील.